आठ हजारांपुढची शिट्टी

रविवारचे सव्वादहा झाले तरी जिन्यात पावलं वाजली नाहीत, तेव्हा खरखरे तिसऱ्यांदा उठून गॅलरीत जाऊन आले. खाली सायकलवाल्याने दोन चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती, एक बाई दुधाची पिशवी घेऊन चालली होती, कोपऱ्यावर कुणीच नव्हतं. ते आत येऊन खुर्चीत टेकले, टेकल्या टेकल्या कोटाची डावी बाही खाली ओढली आणि परत उठले.

"बसा की जरा," बायको आतून म्हणाली. "तुमच्या येरझाऱ्यांनी मास्तर लवकर येणार आहेत का?"

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. गेली अडतीस वर्षं दर रविवारी दहाच्या ठोक्याला ते येत. चहा होई, एक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकून होई, आणि बाराच्या आत मास्तर जिना उतरत. बोलणं फारसं नसेच. या बैठकीसाठी खरखरे घरातल्या घरात कोट घालत, कारण कोट मास्तरांनी शिवलेला असे. शिवणाऱ्यासमोर तो खुंटीला टांगून ठेवणं त्यांना बरं वाटत नसे. आज मास्तर न येण्याचा तिसरा रविवार होता. पहिल्या रविवारी निरोप आला, गुडघा दुखतोय. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले होते. आज निरोपही नव्हता.

खरखरे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासण्याच्या कचेरीत नोकरीला लागले, त्या वर्षी एका कारकुनाने घरचा रेडिओ आणला. खरखर येते म्हणाला. यांनी जेवणाच्या सुट्टीत मागचं झाकण उघडून, एका सुटलेल्या तारेला डाग देऊन तो बोलता केला. दुसऱ्या दिवशी टेबलावर चार रेडिओ आले. आठवड्याअखेरीस शिपायाने हाक मारली, "अहो खरखरे, साहेब बोलावतायत." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. निरोपसमारंभात साहेबांनीही भाषणात तेच घेतलं आणि मग जीभ चावली.

पण नाव कचेरीने दिलं तरी नाद त्याआधीचा होता. बाराव्या वर्षी त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पहिला सेट बसवला होता. त्यातून जो आवाज आला त्याला आवाज म्हणावं की नाही याबद्दल वडिलांचं मत वेगळं होतं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, दोन खोल्यांचं घर मिळालं. बायकोने नव्या कपाटाचा वरचा खण बांगड्यांसाठी उघडला, तर आत रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर लहान लहान पुड्यांत बांधून ठेवलेले. तिने खण तसाच लावला आणि खालचा उघडला. संसारात कुठला खण कुणाचा हे तेव्हाच ठरून गेलं.

आत्ताचा सेट त्यांच्या तिशीतला. ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः जुळवला होता, आणि जुन्या कपाटाच्या सागवानी फळ्यांतून कमरेइतके उंच दोन स्पीकर केले होते. खाली मोठा भोंगा जाड आवाजासाठी, वर वाटीएवढा ट्वीटर बारीक आवाजासाठी. पेट्यांच्या तोंडावर ताणायला कापड हवं होतं, आवाज अडवणार नाही असं. त्याच शोधात ते मास्तरांच्या दुकानात शिरले. मास्तर तेव्हा ऐन उमेदीतले, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्यांनी पाच कापडं काढली, मनगटावरचं घड्याळ सोडलं, एकेक कापड कानावर धरून त्याच्या मागे घड्याळ नेलं. "हे," ते म्हणाले. "यातून टिकटिक जशीच्या तशी येते. बाकीची टिक खातात." खरखऱ्यांना त्याच क्षणी कळलं की हा माणूस आपला. रविवार तिथून सुरू झाले.

त्या सेटला गेल्या तीन वर्षांत काहीतरी झालं होतं. सेट बोथट झाला होता. गाणाऱ्या बाईच्या तोंडातला 'स' पूर्वी रेशीम फाटावं तसा येई, तो आता ओल्या कापडासारखा यायला लागला. बासरी फुंकणाऱ्याचा श्वास गेला, झांजेची मागे रेंगाळणारी किणकिण गेली. खरखऱ्यांनी आधी ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवण्याचं, बटण मधल्या खुणेवरून थोडं उजवीकडे नेलं, मग आणखी, मग शेवटपर्यंत. तेवढ्याने भागेना तेव्हा स्पीकर उघडून, ट्वीटरला आवर घालणारा रेझिस्टर काढून टाकला. कंडेन्सर बदलले, वायरी बदलल्या. जुने ट्वीटर म्हातारे झाले म्हणून काढून टाकले आणि नवे बसवले. दर वेळी दोन दिवस बरं वाटे आणि मग पुन्हा तीच ओल्या कापडाची भावना येई. कुठेतरी फॉल्ट होता आणि तो सापडत नव्हता. जेवताना, अंघोळ करताना, रस्ता ओलांडताना तो त्यांच्या डोक्यात कुरतडत असे. अर्ध्या घासावरून उठून ते झाकण उघडायचे.

घरच्यांना त्याचं काही नव्हतं. उलट गेल्या वर्षभरात बायको सेट लावला की आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. लेक माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, आवाज कमी करा ना." आवाज तर नेहमीच्या खुणेवर होता, त्यांनी तिला खूणच दाखवली. मास्तर मात्र काही बोलत नसत. "छान," म्हणत. पूर्वी ते "छान" लांबलचक असे, दोन बोटं हवेत उचलून म्हटलेलं. मग ते आखूड झालं. मग मास्तरांनी स्पीकरसमोरची आपली खुर्ची सोडली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसू लागले, इथे वारा लागतो म्हणून. आणि आता तेही नाही.

खरखऱ्यांच्या मनाने हिशेब मांडला तो असा: मास्तरांचा कान तिखट, त्यांना बोथट आवाज सोसवत नाही. तोंडावर कसं सांगणार, म्हणून येत नाहीत. फॉल्ट सापडला नाही तर रविवार गेले. आणि रविवार गेले तर उरलेल्या सहा दिवसांचं काय करायचं हा मोठाच प्रश्न होता, कारण ते सहा दिवस रविवारच्या तयारीतच जात.

सोमवारी सकाळी ते दुकानात गेले. मास्तर टेबलावर वाकून खडूने रेघ ओढत होते. शेजारी उशीएवढ्या गादीवर एका ओळीत बारा सुया टोचलेल्या, सगळ्यांत दोरा ओवलेला.

"हे काय?" खरखऱ्यांनी विचारलं.

"सून सकाळी ओवून ठेवते. सहा काळ्या, चार पांढऱ्या, दोन खाकी. दुपारी जेवण घेऊन येते तेव्हा परत भरते."

"चष्मा बदल की."

"बदलला. सुईचं भोक तेवढंच राहिलं."

मास्तर परत रेघ ओढू लागले. खरखऱ्यांनी गुडघ्याची चौकशी केली. मास्तर म्हणाले, आहे आपला. या गुडघ्याने दुकानाच्या पायऱ्या चढता येतात, मग आमच्याच जिन्याने काय घोडं मारलंय, असं खरखऱ्यांनी हसत हसत म्हटलं, पण हसू ओठांवरच राहिलं. मास्तरांनी खडू खाली ठेवला. कापडावरची धूळ झटकली. नसलेली.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "तुझ्या सेटचं ते पूर्वीचं राहिलं नाही."

खरखऱ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पुढे होऊन मास्तरांचा दंडच धरला. "तुलाही जाणवलं ना? मी घरात कंठशोष करतोय, कुणी ऐकत नाही. वरचं सगळं गेलंय. पार बोथट."

मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कमरेत सैल झालेली पँट घेऊन आलं, आणि मास्तरांनी उघडलेलं तोंड त्याच्याकडे वळवलं. "बसा," ते त्याला म्हणाले, आणि ज्या तत्परतेने म्हणाले त्यात सुटका झाल्याचा भाव होता. पण तो बघायला खरखरे थांबलेच नव्हते. ते दोन दोन पायऱ्या उतरून सुट्या भागांच्या दुकानाकडे निघाले होते, आणखी चांगला ट्वीटर आणायला.

मंगळवारी दुपारी बायको आडवी झाल्यावर त्यांनी काम काढलं. नवा ट्वीटर बसवला, आणि या वेळी रेकॉर्डवर न विसंबता आतल्या माळ्यावरून ऑसिलेटर खाली घेतला. हे यंत्र कापसासारख्या जाड सुरापासून सुईसारख्या बारीक सुरापर्यंत हवा तो सूर एकसारखा देतं. चकतीवर आकडे असतात, सेकंदाला किती कंपनं त्याचे. दुसऱ्या यंत्राच्या हिरव्या पडद्यावर तो सूर लाटेसारखा दिसतो. ही दोन्ही यंत्रं एका कॉलेजच्या मोडीतून त्यांच्या घरी आली होती आणि घरात त्यांना पाहुण्यांपेक्षा जास्त मान होता.

चकती एक हजारावर. स्वच्छ सूर. दोन हजार, चार हजार. सहा हजारांवर सूर डासासारखा लांब गेला. सातवर धागा उरला. आठ हजारांवर काही नाही. पडद्यावर लाट ठणठणीत उभी, म्हणजे ॲम्प्लिफायरपर्यंत सगळं नीट. म्हणजे नवा ट्वीटरही मेलेला. त्यांनी दुकानदाराच्या नावाने मनात एक शिवी घातली, चकती नऊ हजारांवर नेली, जोर वाढवला, आणि वाटीला कान लावून बसले. शांत.

आतलं दार उघडलं. बायको सुटलेल्या अंबाड्याने, दोन्ही कानांवर तळवे दाबून उभी होती.

"बंद करा ती शिट्टी."

"कसली शिट्टी?"

"कसली म्हणजे? झोपेतून उठवलंत. दात शिवशिवतायत माझे."

"अगं, काही वाजतच नाहीये. ट्वीटर मेलाय."

"मग त्याला म्हणावं मेल्यासारखा पड."

खरखऱ्यांनी बटण खाली केलं. बायकोने कानांवरून हात काढले. त्यांनी बटण वर केलं. हात परत कानांवर गेले. खाली, आणि हात खाली. चौथ्या वेळी त्यांनी बटणाला नुसतं बोट लावलं, ते हलवलं नाही, आणि तिच्याकडे बघत राहिले. तिचे हात जागचे हलले नाहीत. ते बघत राहिले आणि तीही त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा वैताग हळूहळू उतरला. "चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली. दार तिने लोटलं नाही.

पुढचे दोन दिवस घरात माणूस नव्हे, पिंजऱ्यातलं काहीतरी वावरत होतं. खरखरे किल्ल्यांचा जुडगा कानाशी हलवून बघत. भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहत. गॅलरीतून समोरच्या तारेवर एक चिमणी दिसली. तिची चोच उघडझाप होत होती आणि खालचा सायकलवाला एका चाकाला हातोडीने ठोकत होता. हातोडी त्यांना ऐकू येत होती. ती चिमणी किती दिवसांपासून तिथे बसून नुसतं तोंड हलवत होती, कोण जाणे. जेवायला बसले तरी चित्त ताटात नसे. बायकोने एकदा विचारलं, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊया का. ते म्हणाले, बघू. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नाही असा होता, पण निदान आवाज चढलेला नव्हता.

नोकरीत असताना त्यांनी हजारो वजनं तपासली होती. एखाद्या दुकानातलं किलोचं वजन कमी भरलं की दुकानदार भांडायला उठे: हे माझ्या बापापासूनचं वजन, यात खोट कशी असेल? तेव्हा खरखरे त्याला समजावत, की अहो, तुम्ही लबाड नाही आणि वजनही लबाड नाही. वापरून झिजलंय. वजनं कशाला, खुद्द कचेरीची पितळी वजनं, ज्यांच्यावरून सगळा गाव मोजला जाई, तीही दर वर्षी मखमलीच्या पेटीतून वरच्या कचेरीत पडताळणीला जात. चौतीस वर्षं ती पेटी त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरून नेली होती. आणि घरी, साठ वर्षं, ज्या कानांवरून सगळं मोजलं ते एकदाही कुठे पडताळून आणले नाहीत. नवा ट्वीटर खोटा म्हणायला ते किती चटकन तयार झाले होते.

गुरुवारी सकाळी त्यांनी बायकोला हाक मारली आणि रीतसर परीक्षा घेतली. तिला पाठमोरं बसवलं. वीस वेळा, कधी सूर लावून तर कधी न लावता, विचारलं: आहे की नाही? वहीत खुणा केल्या. विसांपैकी वीस बरोबर. मग स्वतः पाठमोरे बसले आणि बटण तिच्या हाती दिलं. विसांपैकी अकरा. म्हणजे नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी तेवढीच आली असती. त्यांनी आकडा वहीत लिहिला, खाली तारीख घातली, आणि सवयीने सहीही केली.

"तीन वर्षं तू बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"बोलले होते की. सुरुवातीलाच. कानाला टोचतंय म्हटलं होतं." ती वहीकडे बघत होती. "तुम्ही म्हणालात, तुला त्यातलं काय कळतं."

त्यांनी म्हटलं असणार. एकदा नव्हे, लग्न झाल्यापासून म्हटलं असणार, तेही कौतुकाने, पाहुण्यांसमोर: हिला सगळे सेट सारखेच. आणि तीही हसून हो म्हणायची.

ते उठून गॅलरीत गेले, परत आले, परत गेले. तिसऱ्या फेरीला त्यांना मास्तरांची ती गादी आठवली. सहा काळ्या, चार पांढऱ्या, दोन खाकी. मास्तरांनी ते किती साधेपणाने सांगितलं होतं, भाजीचा भाव सांगावा तसं. त्या सुयांनी शिवलेले कपडे लोक घालतच होते.

"जरा इकडे येऊन बसतेस?" त्यांनी विचारलं. स्पीकरसमोरची खुर्ची त्यांनी पुढे ओढली. त्यांची स्वतःची.

बायको त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. झाडताना ती सरकवली असेल, पुसली असेल, पण बसली नव्हती. आता बसली ती अगदी कडेवर, डॉक्टरांकडे बसतात तशी. सेट पहिल्यांदा जुळवला तेव्हाची वही काढून जुने आकडे परत लावता आले असते, पण ते आकडे जुन्या ट्वीटरचे होते आणि ते ट्वीटर केव्हाच भंगारात गेले होते. नव्यांचा स्वभाव वेगळा. आता कानच हवा होता.

खरखऱ्यांनी रेकॉर्ड लावली, मास्तरांची आवडती. ते मागे बसून एकेक रेझिस्टर चिमट्याने लावून बघत आणि विचारत. तिच्याजवळ त्यांचे शब्द नव्हते, तिचे होते. "आता टोचतंय." "आता टोचत नाही, पण चरचरतंय, तेलात पाणी पडल्यासारखं." "आता ती बाई कपाटात शिरून गातेय." "आता बाहेर आली. पण तोंडावर पदर आहे." प्रत्येक वेळी खरखरे वहीत रेझिस्टरचा आकडा लिहीत आणि पुढे कपाट, पदर, तेल असं लिहीत. पहिला दिवस यातच गेला. शुक्रवारी ती स्वयंपाक आटोपून आपणहून येऊन बसली, या वेळी खुर्चीच्या पाठीला टेकून.

"तिसऱ्या कडव्याआधी थांबा," ती म्हणाली. "तिथे ती श्वास घेते. पूर्वी मला ओट्यापाशी ऐकू यायचा."

खरखऱ्यांनी मान वर केली. "ओट्यापाशी?"

"मग काय. तो श्वास आला की मी समजायची, आता चार मिनिटं उरली, बाजू संपेल. दुसरा चहा तिथेच टाकायची."

अडतीस वर्षं दुसरा चहा नेमका बाजू संपता संपता कसा येतो, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. तो नुसता येत असे.

शनिवारी दुपारी एका रेझिस्टरला तिने बोट वर केलं. बोट तसंच वर धरून राहिली. तिसरं कडवं आलं. तिने मान हलवली. खरखऱ्यांनी ऐकलं. त्यांना ते सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटलं. कसलीही धार नाही, कड नाही. हात शिवशिवत होता, ट्रेबलचं बटण एवढं जवळ. रात्री नाही तर पहाटे आपण ते फिरवणार, हे त्यांना स्वतःबद्दल चांगलंच माहीत होतं. म्हणून त्यांनी डागाची कांडी तापवली, तो कंट्रोलच मुळातून काढून टाकला आणि जागी कायमचे रेझिस्टर डाग देऊन पक्के बसवले. पुढच्या पट्टीवर भोक उरलं. बायकोने सुईदोऱ्याच्या डब्यातून कोटाचं एक जास्तीचं काळं बटण काढून दिलं. ते भोकावर बरोबर बसलं.

संध्याकाळी त्यांनी दुकानाच्या दारातूनच मास्तरांना सांगितलं की ट्रेबल काढून टाकलाय, उद्या ये. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. बराच वेळ बघितलं. "येतो," म्हणाले.

दहाच्या ठोक्याला जिन्यात पावलं वाजली. एका पायावर जास्त भार देत चढणारी. गुडघा अगदीच खोटा नव्हता. मास्तर आले ते दाराजवळच्या स्टुलावरच बसले. खरखऱ्यांनी कोटाची बाही ओढली, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. बायको चहाचे तीन कप घेऊन आली आणि आत न जाता बाजूच्या खुर्चीत बसली. मास्तरांनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

पहिलं कडवं झालं. मास्तर कप हातात धरून बसले होते, चहा पीत नव्हते. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ते उठले. पण मास्तर दाराकडे गेले नाहीत. ते कप सांभाळत खोली ओलांडून आले आणि स्पीकरसमोरच्या आपल्या जुन्या खुर्चीत बसले.

बाजू संपली. सुई वर झाली.

"फॉल्ट सापडला," खरखरे म्हणाले. त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावून दाखवलं. "आठ हजारांच्या पुढे काही नाही. हे सगळं हिने लावलंय, मला ओ की ठो ऐकू येत नाही त्यातलं. तीन वर्षं तुला इथे बसवून टोचत होतो मी. अडतीस वर्षांचा मित्र ना तू? सांगायचं नाहीस?"

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. गार झाला होता, तरी घेतला.

"हा कोट मी कधी दिला तुला?"

"गेल्या वर्षी."

"डावी बाही अर्धा इंच आखूड आहे. माझी टेप चुकली नाही, टेपवरचा आकडा वाचायला मी चुकलो. तू तो घालून पहिल्यांदा माझ्यासमोर बसलास तेव्हाच मला दिसलं. वर्षभर बघतोय, दर रविवारी तू ती ओढतोस. तू सांगितलंस?"

खरखऱ्यांनी डावा हात पाठीमागे नेला. बायको मात्र हसू दाबता दाबता फसली. "मी म्हटलं होतं यांना," ती म्हणाली, "की मास्तरांना दाखवा. तर म्हणे, त्याला वाईट वाटेल."

"काढ तो," मास्तर म्हणाले. "आत कापड सोडून ठेवलंय मी, म्हातारपणी माणूस सरळ व्हायला लागला तर असू दे म्हणून. बाही लांब करून देतो. वहिनी, एक काळी सुई ओवून देता? मला दिसत नाही."

तिने डबा आणला. मास्तरांनी कोट मांडीवर घेतला, बाहीची शिवण बोटांनी चाचपली, आणि दोरा उसवता उसवता त्यांची नजर सेटच्या पट्टीवर गेली. "हे बटण माझं आहे," ते म्हणाले. "तिथे काय करतंय?"

"पहारा," बायकोने सांगितलं.

खरखऱ्यांनी रेकॉर्ड पलटली. दुसरी बाजू सुरू झाली, गोधडीखालची, त्यांच्यापुरती. ते सदऱ्यावर बसले. उजवा हात सवयीने डाव्या मनगटाकडे निघाला तो मधेच थांबला, कारण ओढायला बाही नव्हती. मग तोच हात पट्टीवर गेला, काळ्या बटणाला लागला, आणि बटण फिरलं नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते तिथे राहीनात. त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले, मग एकमेकांत गुंतवले, मग सोडवले.

या बाजूलाही एका जागी गाणारी श्वास घेत असे. ती जागा त्यांना पाठ होती, पूर्वीपासून, कितव्या फेऱ्याला येते ते त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. ती जवळ आली तसे ते खुर्चीच्या कडेवर सरकले. स्पीकरकडे त्यांनी पाहिलं नाही. ते त्या दोघांकडे बघत होते. बायकोची हनुवटी किंचित वर झाली. मास्तरांची दोन बोटं, सुई धरलेली, बाहीवरून हवेत उचलली गेली आणि तिथेच थांबली.

"आला?" खरखऱ्यांनी विचारलं.

"गप," दोघं एकदम म्हणाली.